न दुखणारे दुखणे : मेरुरज्जूतील पोकळी आणि खांद्याच्या सांध्याचा नाश

१. विषयप्रवेश

मराठीत ‘दुखणे’ हे क्रियापद आहे, तसेच ते नामही आहे. डोके दुखते ही वेदना झाली. घरात दुखणे आले हा आजार झाला. आजारी माणसास ‘दुखणाईत’ किंवा ‘दुखणेकरी’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. वेदना आणि व्याधी या दोन गोष्टी भाषेने अशा रीतीने एकाच शब्दात बांधून टाकल्या आहेत. जे दुखत नाही ते दुखणे नव्हे, हा त्यामागील समज केवळ मराठी समाजाचा नाही. तो सर्वत्र आढळतो, आणि वैद्यकानेही तो दीर्घकाळ जवळ बाळगला होता.

ज्या विकारांनी हा समज खोटा ठरविला त्यांपैकी एकाचा इतिहास येथे पाहावयाचा आहे. या विकारात रोग्याचा खांदा सुजतो. हात वर उचलेनासा होतो. सांधा हलविला असता हाडावर हाड घासल्याचा आवाज येतो. क्ष-किरण चित्र घ्यावे तो दंडाच्या हाडाचे गोल डोके जणू करवतीने कापून टाकल्याप्रमाणे नाहीसे झालेले दिसते आणि हाडाचे बारीक तुकडे सांध्याभोवती विखुरलेले आढळतात. इतकी मोडतोड झालेला मनुष्य वेदनेने तळमळत असावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो शांतपणे बसलेला असतो. त्यास वेदना मुळीच नसते असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही; परंतु जी असते ती नाशाच्या मानाने फारच थोडी असते. अधिक आश्चर्याची गोष्ट अशी की, रोगाचे मूळ खांद्यात नसतेच. ते मानेच्या मणक्यांच्या आत, मेरुरज्जूच्या मध्यभागी पडलेल्या एका पोकळीत असते. या पोकळीच्या रोगास ‘सिरिंगोमायेलिया’ असे नाव आहे.

नाश एका ठिकाणी आणि कारण दुसऱ्या ठिकाणी, ही गोष्ट वैद्यकास उलगडावयास साठ वर्षांहून अधिक काळ लागला. कारणाचे कार्य नेमके कसे घडते, याविषयीचा वाद तर त्यानंतरही चालू राहिला. या इतिहासात शोधांइतकेच महत्त्व शब्दांनाही आहे. रोगास नाव आधी मिळाले, अर्थ मागाहून आला. आणि दिलेल्या नावाने अर्थाची वाट काही वेळा मोकळी केली, तर काही वेळा अडविली.

२. पोकळी आणि पावा

मेरुरज्जूत पोकळी असू शकते हे शवविच्छेदन करणाऱ्यांच्या दृष्टीस फार पूर्वी पडले होते. शार्ल एतिएन या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाचा लॅटिन ग्रंथ पॅरिस येथे १५४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा पोकळीचा उल्लेख आहे. परंतु पोकळी पाहणे वेगळे आणि तीमुळे काय घडते हे जाणणे वेगळे. पुढची जवळजवळ तीन शतके ही पोकळी केवळ मृत शरीरातील एक वैचित्र्य म्हणूनच राहिली.

तीस नाव दिले ते शार्ल-प्रॉस्पेर ओलिव्हिए यांनी, १८२७ मध्ये. ग्रीक भाषेत ‘सिरिंक्स’ म्हणजे वेताची नळी, पावा. ‘मायेलॉस’ म्हणजे मज्जा. पॅन देवापासून पळणारी सिरिंक्स नावाची अप्सरा वेताच्या बनात रूपांतरित झाली आणि त्या वेतांचा त्या देवाने पावा केला, अशी ग्रीकांची कथा आहे. ग्रीक वैद्यांनी हाच शब्द शरीरातील नळीसारख्या वाहत्या जखमेसही लावला होता. लॅटिन भाषेतील ‘फिस्तुला’ या शब्दाचा प्रवास अगदी असाच आहे : तोही मुळात पावा, नंतर जखमेचा मार्ग. संस्कृतात ‘नाडी’ म्हणजे पोकळ देठ, नळी. त्यावरून रक्तवाहिनी आणि मनगटावरील ठोकाही. आणि सुश्रुतसंहितेत वाहत्या, खोल गेलेल्या जखमेस ‘नाडीव्रण’ म्हटले आहे. तीन प्राचीन भाषांतील वैद्यांनी शरीरातील पोकळ वाट पाहिली आणि तिघांनाही वेळू-वेताची आठवण झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि या नावाची मर्यादाही येथेच दिसते. ‘मज्जेतील पावा’ हे नाव आकार सांगते. कारण सांगत नाही, लक्षणही सांगत नाही. मेरुरज्जूच्या मध्यातून स्वाभाविकपणेच एक सूक्ष्म नलिका जाते. ती रुंदावली म्हणजे हा रोग होतो, की तिच्या बाहेर नवी पोकळी निर्माण होते, याबद्दल पुढील काळात बराच गोंधळ झाला. १८७५ मध्ये टेओडोर झिमोन यांनी मधल्या नलिकेच्या फुगण्यास ‘हायड्रोमायेलिया’ म्हणावे आणि स्वतंत्र पोकळीपुरते ‘सिरिंगोमायेलिया’ हे नाव राखावे असे सुचविले. प्रत्यक्षात हे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात, म्हणून आजही पुष्कळ वेळा दोन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो.

३. सांध्याकडून मेरुरज्जूकडे : मिचेल आणि शार्को

पोकळीस नाव मिळाले त्याच सुमारास, परंतु तिच्याशी कोणताही संबंध नसताना, अमेरिकेत दुसऱ्या टोकाकडून विचारास प्रारंभ झाला. फिलाडेल्फिया येथील वैद्य जॉन कर्स्ले मिचेल यांच्याकडे पाठीच्या मणक्यांचा क्षय झालेले रोगी होते. त्यांच्यापैकी काहींचे सांधे संधिवाताप्रमाणे सुजलेले त्यांना आढळले. मिचेल यांनी सांध्यांवर इलाज करण्याऐवजी पाठीच्या कण्यावर इलाज केला आणि सांध्यांस उतार पडला असे नमूद केले. १८३१ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांचा संधिवाताविषयीचा सर्वसाधारण सिद्धान्त पुढे टिकला नाही. परंतु सांध्याच्या रोगाचे मूळ मेरुरज्जूत असू शकते, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले होते.

या कल्पनेस शास्त्रीय पाया मिळाला तो पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात. झाँ-मार्तँ शार्को यांची तेथे १८६२ मध्ये नेमणूक झाली. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या हजारो वृद्ध व असाध्य रोगी स्त्रिया त्या संस्थेत होत्या. एकाच रोग्यास वर्षानुवर्षे पाहावयाचे आणि मृत्यूनंतर त्याचाच मेरुरज्जू तपासावयाचा, ही संधी अन्यत्र क्वचितच मिळत असे. १८६८ मध्ये शार्को यांनी टेबीज डॉर्सॅलिस या रोगातील सांध्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. उपदंशाच्या उत्तरकालीन अवस्थेत मेरुरज्जूच्या मागील भागाचा क्षय होतो, तोच हा रोग. त्यात एखादा सांधा अकस्मात सुजतो. ताप नसतो, वेदना नसते. आणि थोड्याच काळात हाडांची टोके झिजून सांधा खिळखिळा होतो. अशा रोग्यांत गुडघा व कंबरेचा सांधा प्रामुख्याने सापडतात. तथापि खांदाही क्वचित सापडतो.

१८८१ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत हा विषय चर्चेस आला. तेथे सर जेम्स पॅजेट यांनी या विकारास शार्को यांचेच नाव द्यावे असे प्रतिपादन केले. इंग्लंडमध्ये सर्वांस ते एकदम पटले असे नाही. हा केवळ जुनाट संधिवातच आहे, टेबीजच्या रोग्यात त्याचे रूप थोडे बदलते एवढेच, असे म्हणणारे शस्त्रवैद्य तेथे होतेच. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीत १८८४ मध्ये यावर मोठा खल झाला. अखेर नाव रूढ झाले. मात्र व्यक्तीचे नाव हे वर्णन नव्हे. ‘शार्कोचा रोग’ या नावाने फ्रान्समध्ये चेतापेशींच्या क्षयाचा एक सर्वस्वी निराळा विकारही ओळखला जातो. आणि पायाच्या स्नायूंच्या एका आनुवंशिक रोगातही त्यांचे नाव इतर दोघांच्या नावांस जोडलेले आहे. एका थोर पुरुषाचे नाव तीन ठिकाणी लागले, आणि त्यातून कोणत्याही ठिकाणी रोगाचे स्वरूप कळत नाही.

४. खांद्याची ओळख

शार्को यांचे विवेचन टेबीजपुरते होते. पोकळीच्या रोगाशी सांध्याची गाठ पडण्यासाठी आधी तो रोग जिवंत मनुष्यात ओळखता येणे अवश्य होते. हे कार्य १८८२ ते १८८८ या काळात फ्रीडरिश शुल्त्से आणि ऑटो काहलर या दोन जर्मनभाषी वैद्यांनी केले. त्यांनी दाखविलेली खूण अत्यंत चमत्कारिक होती. रोग्याच्या खांद्यावर किंवा हातावर कापसाचा बोळा फिरविला तर तो त्यास कळतो. परंतु सुई टोचली किंवा तापलेली वस्तू लावली तर कळत नाही. स्पर्श शाबूत आणि वेदना व उष्णता मात्र नाहीशी.

याचे स्पष्टीकरण मेरुरज्जूच्या रचनेत आहे. वेदना व उष्णता यांची वार्ता नेणारे तंतू मेरुरज्जूत शिरल्यावर लवकरच मधल्या नलिकेच्या अगदी पुढून विरुद्ध बाजूस ओलांडतात आणि मग मेंदूकडे चढतात. स्पर्शाचे पुष्कळसे तंतू आणि सांध्याची स्थिती सांगणारे तंतू त्याच बाजूने, मागील भागातून वर जातात. मध्यभागी पोकळी वाढू लागली म्हणजे ती प्रथम ओलांडणाऱ्या तंतूंना तोडते. मागच्या तंतूंपर्यंत ती उशिरा पोहोचते. ही पोकळी बहुधा मानेच्या भागात असते. मानेच्या मेरुरज्जूतून खांदे व हात यांचे तंतू निघतात. म्हणून संवेदनेचा लोप खांद्यांवर आणि हातांवर, एखादी बंडी अंगात घातली असता ती जेवढा भाग झाकील तेवढ्या भागात पसरतो.

याच काळात ब्रिटनी प्रांतातील लानिलीस या लहान गावी ओग्युस्तँ मॉर्व्हाँ हे वैद्य व्यवसाय करीत होते. बोटाच्या नखुरड्यास छेद घेतला असता रोग्यास काहीच जाणवले नाही, हे त्यांनी पाहिले. आणि अशा वेदनाहीन नखुरड्यांचे व हातांच्या दुर्बलतेचे वर्णन १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. हा स्वतंत्र रोग आहे अशी त्यांची धारणा होती. नंतर झालेल्या शवविच्छेदनांत अशा रोग्यांच्या मेरुरज्जूत पोकळी आढळली. परंतु वादास येथे नवे वळण लागले. कॉन्स्टँटिनोपलचे झाम्बाको पाशा यांनी १८९० च्या दशकात असे मत हिरीरीने मांडले की, मॉर्व्हाँचा रोग आणि सिरिंगोमायेलिया हे दोन्ही वस्तुतः कुष्ठरोगच आहेत. हे मत अगदीच निराधार नव्हते. कुष्ठरोगातही वेदना व उष्णता यांची जाणीव जाते, बोटे झडतात. हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला होता, म्हणून जंतू आहे किंवा नाही हे पाहून निर्णय करता येऊ लागला. तसेच कुष्ठरोगात त्वचेवर चट्टे उमटतात व त्वचेजवळचे मज्जातंतू जाड होतात, ही खूण पोकळीच्या रोगात नसते. खांद्याचा सांधाही येथे साक्षीदार ठरतो. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे हातापायांच्या टोकांकडील व त्वचेलगतच्या मज्जातंतूंत वाढतो. त्यामुळे त्या रोगात पाऊल, घोटा, बोटे यांचे सांधे जातात. खोल असलेला खांद्याचा सांधा वेदनेवाचून मोडला, तर दृष्टी मानेकडे वळविणेच योग्य.

१८९२ मध्ये सोकोलॉव्ह यांनी पोकळीच्या रोगातील सांधेविकारांचा जर्मन भाषेत विस्तृत आढावा घेतला, आणि हे दोन प्रवाह एकत्र आले. यातून स्पष्ट झालेला फरक आजही पाठ्यपुस्तकांत दिला जातो : टेबीजमध्ये बहुतेक सांधे पायाचे असतात, सिरिंगोमायेलियात बहुतेक सांधे हाताचे, आणि त्यांत खांदा व कोपर यांना अग्रस्थान. पोकळीच्या रोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रोग्यांत केव्हा ना केव्हा असा सांधा आढळतो आणि अशा सांध्यांपैकी सुमारे ८० टक्के हाताचे असतात, हे प्रमाण सामान्यतः मानले जाते. मेरुरज्जूचा जो भाग बिघडतो त्याच भागाच्या अंमलाखालील सांधा मोडतो, ही गोष्ट इतकी नियमित आहे की, कार्यकारणसंबंधाविषयी शंका उरत नाही.

५. पोषणाचा अभाव की न कळलेली इजा?

संबंध सिद्ध झाला. तो कसा घडतो हा प्रश्न शिल्लक राहिला. येथे युरोपात दोन पक्ष पडले. शार्को यांचे मत असे की, मेरुरज्जूत हाडे व सांधे यांच्या पोषणाची काही केंद्रे असतात. ती नष्ट झाली की सांध्याचे पोषण थांबते आणि तो आपोआप झिजतो. या मतास ‘ट्रॉफिक’, म्हणजे पोषणविषयक, असे नाव मिळाले. ‘त्रोफी’ हा ग्रीक शब्द अन्नाचा व पोषणाचा वाचक आहे. याच्या उलट फिरखो व फोल्कमन या जर्मन पंडितांचे म्हणणे असे की, पोषणाची वेगळी केंद्रे कल्पिण्याचे कारण नाही. सांध्यास दररोज लहानमोठ्या इजा होतच असतात. निरोगी मनुष्यास त्या दुखतात, म्हणून तो सांधा जपतो. ज्यास दुखत नाही तो जपत नाही, आणि इजेवर इजा साचत जाऊन सांधा मोडतो.

या दोन मतांतील अंतर केवळ तात्त्विक नव्हते. पोषणच थांबले असेल तर वैद्याने करावयाचे काय? तो रोग्याचे सांत्वन करील आणि नाशाची वाट पाहील. परंतु इजा हे कारण असेल तर सांध्यास विसावा देणे, आधार बांधणे, रोग्यास सावध करणे हे सारे उपाय अर्थपूर्ण ठरतात. एका शब्दात निराशा दडली होती, दुसऱ्यात कर्तव्य.

१९१७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील शस्त्रवैद्य लिओ एलसर यांनी या वादाचा निकाल प्रयोगाने लावण्याचा यत्न केला. त्यांनी मांजरांच्या पायाची संवेदना वाहून नेणारी मज्जामुळे तोडली. अशा पायांत कालांतराने शार्को-सांध्यासारखा नाश दिसू लागला; आणि जेथे सांध्यास मुद्दाम इजा केली तेथे तो फार त्वरेने आला. पोषणाची केंद्रे ज्या मेरुरज्जूत असावयाची तो मेरुरज्जू या प्राण्यांत शाबूत होता. हरवली होती ती केवळ जाणीव. यानंतर इजेचा पक्ष प्रबळ झाला.

याच पक्षास एक मोठे प्रमाण पुढे भारतात मिळाले. वेल्लोर येथे १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांचा अभ्यास केला. बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. जाणीव गेलेला हात चटके, जखमा आणि अतिदाब यांपासून स्वतःस वाचवू शकत नाही, म्हणून ती जातात, हे त्यांनी दाखवून दिले. पायांना योग्य पादत्राणे आणि हातांना रोजची तपासणी या साध्या उपायांनी पुष्कळ हानी टळते, हे त्यातून सिद्ध झाले. ‘झडणे’ या क्रियापदात कर्ता नसतो. पान झडते तसे बोट झडते असे लोक मानीत आले. ब्रँड यांच्या कार्याने त्या क्रियापदामागील भ्रम दूर केला.

तथापि खांद्याने या पक्षासही एक अडचण उभी केली. गुडघा व घोटा शरीराचा भार वाहतात. तेथे इजेवर इजा साचते हे समजण्यासारखे आहे. खांदा तर लोंबता सांधा आहे. त्यावर शरीराचा भार नाही. तरीही तो मोडतो, आणि कधीकधी काही आठवड्यांतच दंडाच्या हाडाचे डोके विरघळल्यासारखे नाहीसे होते. शिवाय भार वाहणाऱ्या सांध्यांत नवे, वेडेवाकडे हाड पुष्कळ तयार होते. खांद्यात बहुधा हाडाचा केवळ लोप होतो. या विसंगतीमुळे रक्तपुरवठ्याचा विचार पुढे आला. मज्जातंतूंचे नियंत्रण सुटले की हाडातील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त अधिक वाहते आणि हाड शोषणाऱ्या पेशींचे कार्य वाढते, असा हा विचार आहे. ब्राउअर व ऑलमन यांनी १९८१ मध्ये त्याची साधार मांडणी केली. आज बहुतेक अभ्यासक असे मानतात की, हाड मऊ करणारी ही प्रक्रिया आणि न कळलेली इजा ही दोन्ही कारणे एकत्र कार्य करतात. शार्को यांचे मत जसेच्या तसे टिकले नाही. परंतु हाडाच्या आत काही बदल घडतो, ही त्यांची शंका अगदीच व्यर्थ नव्हती.

६. पोकळीचे कारण

खांद्याचे कारण पोकळी. परंतु पोकळीचे कारण कोणते? १८९१ मध्ये प्राग येथे हान्स कियारी यांनी लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या छिद्रातून मानेच्या नालीत उतरल्याच्या विकृतीचे वर्णन केले. ही विकृती आणि मेरुरज्जूतील पोकळी पुष्कळदा बरोबर आढळतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतील जेम्स गार्डनर यांनी असे प्रतिपादिले की, छिद्र अडल्यामुळे मेंदूभोवतीच्या द्रवाचा मार्ग खुंटतो आणि त्याचा दाब मेरुरज्जूच्या आत जाऊन पोकळी निर्माण होते. त्यांच्या उपपत्तीचे तपशील पुढे बदलले. परंतु कवटीच्या तळाशी जागा मोकळी करून देण्याची शस्त्रक्रिया आजही या रोगाचा मुख्य उपचार आहे.

दुसरे कारण अपघात. मेरुरज्जूस मोठी इजा झाल्यावर काही महिन्यांनी किंवा अनेक वर्षांनीही इजेच्या जागेपासून वर पोकळी वाढत जाऊ शकते, हे १९६६ मध्ये बार्नेट यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. १९७८ मध्ये टली व लॅटेरी यांनी या साखळीतील पुढचा दुवा मांडला : पायांचा पक्षाघात, त्यानंतर उशिरा निर्माण झालेली पोकळी आणि खांद्याचा नाश ही तीन लक्षणे एकत्र येतात. या रोग्यांच्या बाबतीत खांदा हा लोंबता सांधा राहत नाही. ज्याचे पाय गेले तो चाकांची खुर्ची हातांनीच ढकलतो, खाटेवरून खुर्चीत जाताना सारे शरीर हातांवरच तोलतो. त्याचे खांदे हेच त्याचे पाय होतात. आणि त्याच खांद्यांची जाणीव पोकळी हिरावून घेते. अशा मनुष्याच्या बाबतीत खांदा जाणे म्हणजे उरलेसुरले स्वातंत्र्य जाणे होय.

७. निदानाची चूक आणि तिची किंमत

१९८० च्या दशकात चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेचा प्रसार झाला आणि मेरुरज्जूतील पोकळी जिवंत मनुष्यात प्रत्यक्ष दिसू लागली. तोपर्यंत मणक्यांच्या नालीत औषध टोचून घेतलेली चित्रे आणि लक्षणांवरून केलेले अनुमान यांवरच भिस्त असे. एतिएन यांनी शवात पाहिलेली पोकळी आज वेदनारहित तपासणीत काही मिनिटांत दिसते.

असे असूनही निदान चुकते, याचे कारण साधनांचा अभाव नसून दृष्टीची सवय आहे. सुजलेला व हाड नष्ट झालेला खांदा पाहिला की हाडाचा कर्करोग, क्षय किंवा पू होणारा संसर्ग यांची शंका प्रथम येते, आणि ती येणे योग्यच आहे. त्यासाठी खांद्यातील पाणी काढले जाते, हाडाचा तुकडा तपासला जातो, प्रसंगी शस्त्रक्रियाही होते. परंतु हे सर्व खांद्यावर होते. मान तपासावयाची राहून जाते. दरम्यान पोकळी वाढत राहते आणि जो हात वाचविता आला असता तो दुर्बल होत जातो. पुष्कळ रोग्यांत खांद्याचा नाश हेच या रोगाचे पहिले ध्यानात आलेले लक्षण असते. म्हणून मोडलेला आणि त्या मानाने न दुखणारा खांदा दिसला तर हाताची वेदना व उष्णता यांची जाणीव तपासावी आणि मानेची प्रतिमा घ्यावी, हा नियम आता सर्वमान्य आहे. बोटांवरील जुन्या भाजल्याच्या खुणांविषयी रोग्यास विचारले, तर केव्हा भाजले ते आपणास कळलेच नाही असे तो सांगतो. या एका वाक्यात पुष्कळदा संपूर्ण निदान असते.

उपचाराची दिशाही यातूनच ठरते. प्रथम पोकळीवर इलाज. त्याबरोबर सांध्यास विसावा, आधार आणि स्नायूंचा माफक व्यायाम. कृत्रिम सांधा बसविणे दीर्घकाळ निषिद्ध मानले जात असे, कारण जाणीव नसलेल्या खांद्यात तोही सैल होतो. आज निवडक रोग्यांत, रोग स्थिर झाल्यावर, तशी शस्त्रक्रिया केली जाते. परंतु गेलेली जाणीव ती परत देत नाही.

पेनिसिलिनच्या प्रसारानंतर टेबीज दुर्मिळ झाला आहे. विल्यम जॉर्डन यांनी १९३६ मध्ये मधुमेहाशी असल्या सांध्यांचा संबंध दाखविला, आणि आज शार्को-सांध्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेह हेच आहे; त्यात बहुधा पाऊल सापडते. भारतात मधुमेहाचा प्रसार मोठा असल्याने न दुखणाऱ्या दुखण्याचा हा धडा केवळ एका विरळ रोगापुरता उरलेला नाही.

८. समारोप

‘दुखणे’ या शब्दाने जो समज रूढ केला त्याचे उत्तर भाषेतच दुसऱ्या एका शब्दात आहे. ‘वेदना’ हा शब्द संस्कृतातील ‘विद्’, म्हणजे जाणणे, या धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ जाणीव. बौद्धांच्या पाली ग्रंथांत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा तिन्ही अनुभूतींस ‘वेदना’ हेच नाव आहे. पुढे अर्थाचा संकोच होऊन केवळ पीडा उरली. मेरुरज्जूतील पोकळीने मोडलेला खांदा या जुन्या अर्थाची सत्यता पटवितो. पीडा ही शरीराने स्वतःविषयी मिळविलेली माहिती आहे. ती नाहीशी झाली म्हणजे मनुष्य सुखी होत नाही, तो अज्ञानी होतो.

मिचेल, शार्को, मॉर्व्हाँ, एलसर आणि ब्रँड यांच्या कार्यास जोडणारे सूत्र हेच आहे. त्यांनी रोग्याचे जे दुखत होते त्याबरोबर जे दुखावयास हवे होते आणि दुखत नव्हते त्याचीही दखल घेतली. रोग्यास जे जाणवत नाही ते त्याच्या वतीने वैद्याने जाणले पाहिजे, ही या दीर्घ इतिहासाची फलश्रुती होय. आणि ज्या दिवशी एखादा सुजलेला, शांत खांदा तपासणाऱ्याचा हात आपसूक रोग्याच्या मानेकडे जातो, त्या दिवशी ती फलद्रूप होते.